बुटांच्या खोक्यातला बेसबॉल

वाचकाचं पत्र (संक्षिप्त):

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. आमच्या शेजारचे अमेरिकन आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे, ब्रुकलिनमध्ये वाढलेले. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला बेसबॉल त्यांनीच शिकवला. गेल्या महिन्यात ते पेनसिल्व्हेनियात, मुलीच्या गावच्या वृद्धनिवासात राहायला गेले. जाताना आपली लहानपणची बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी पुठ्ठ्याची कार्डं, मुलाच्या हातात देऊन गेले. बुटांचा एक खोका, दोन जुने अल्बम, आणि शिवाय १९८७ ते १९९० मधल्या कार्डांचा एक मोठा खोका. जुनी कार्डं १९५२ ते १९५७ मधली दिसतात. काही रबरबँडने बांधलेली आहेत. अल्बमची प्लॅस्टिकची पानं चिकट झालीत आणि उघडलं की शॉवरच्या नव्या पडद्यासारखा वास येतो. काही कार्डांच्या मागे आजोबांनी शाईने बारीक आकडे लिहिलेत, काहींवर च्युइंगगमचे डाग आहेत. सध्या सगळं बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर आहे. मुलाला नऊ कार्डं फ्रेम करून त्याच्या खोलीत खिडकीसमोर लावायची आहेत. नवरा म्हणतो, सगळी ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून तपासून गुण लावून घ्यायला पाठवू, कॉलेजचा खर्च निघेल. मला एवढंच कळतं की आपल्या हातून ती खराब व्हायला नकोत. डाग आणि आकडे कसे काढायचे? ठेवायची कुठे? आणि मुलाची हौस कशी पुरवायची?

प्रिय मैत्रिणी,

पुढचं वाचण्याआधी बेसमेंटमध्ये जा आणि दोन्ही खोके आणि अल्बम वर घेऊन या. खरंच, आत्ताच जा. वॉशिंग मशीनवरची फळी ही घरातली कागदासाठी सगळ्यात वाईट जागा. कपडे धुतले की दमट हवा, ड्रायर लावला की गरम, आणि मागची नळी निसटली तर विचारूच नका. कागद हवेतला ओलावा पितो आणि परत सोडतो, आणि दर वेळी थोडा फुगतो, थोडा आक्रसतो. कार्ड म्हणजे शेवटी पुठ्ठाच. त्याच्या एका बाजूला रंगांचा थर आणि दुसरी बाजू जवळजवळ उघडी, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत आणि कार्डाला बाक येतो. पोटमाळ्यावरही नेऊ नका. तिथे उन्हाळ्यात भट्टी असते.

तुमच्या बेडरूममधलं, घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट निवडा. बाहेरच्या भिंतीवर हिवाळ्यात गारठ्याने ओल धरते. साधारण ६५ ते ७० अंश फॅरनहाइट आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता ही कागदाला मानवणारी हवा. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं, ते कपाटात ठेवून द्या. आपल्याकडचा जुलै दमट, आणि जानेवारीत हीटरमुळे हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. आकडा अगदी तंतोतंत जमला नाही म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नका, पण तो दिवसागणिक वरखाली होत असेल तर जागा बदला. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नका. आपल्या हाताला ती सवय आहे हे मला ठाऊक आहे, पण त्यांची वाफ काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ करते, आणि तुमची कार्डं आता प्लॅस्टिकच्या पाकिटांतच राहणार आहेत.

मी हे एवढं ठासून सांगते याला कारण आहे. इथल्या एका ग्रंथालयाच्या दुरुस्तीकक्षात मी बावीस वर्षं काम केलं. पुस्तकं, नकाशे, पत्रं, आणि लोकांनी देणगी दिलेले असले खोके. तरीही माझ्या आईबाबांच्या लग्नाचे फोटो मला वाचवता आले नाहीत. दादरच्या घरात कुणीतरी हौसेने ते चिकट पानांच्या अल्बममध्ये लावले होते, त्यावर वीसेक पावसाळे गेले, आणि माझ्या हाती आले तेव्हा फोटो, डिंक आणि वरचा प्लॅस्टिकचा कागद हे तिन्ही एकजीव झाले होते. त्या माणसाची माया खरीच होती. वस्तू चुकीची निवडली गेली.

तुमच्या अल्बमच्या पानांना येणारा तो वास मला चांगलाच ओळखीचा आहे. ते मऊ पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला लवचीक करायला तेलकट रसायन मिसळतात. वर्षानुवर्षांत ते रसायन बाहेर झिरपतं, पान चिकट होतं आणि कार्डावरची शाई त्या पानाला धरू लागते. म्हणून ही कार्डं याच आठवड्यात बाहेर काढायची आहेत, फक्त ओढायची नाहीत. मोठं टेबल रिकामं करा. चहा दुसऱ्या खोलीत. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. सुती हातमोजे घालू नका, त्यांचे धागे कार्डाच्या कोपऱ्यात अडकतात आणि बोटांना अंदाज राहत नाही. कार्ड सहज सरकत असेल तर कप्प्याच्या तोंडातून अलगद बाहेर येऊ द्या. अडलं, तर बोथट टोकाच्या कात्रीने कप्प्याच्या कडा कार्डापासून दूर कापा आणि प्लॅस्टिक पुस्तकाच्या पानासारखं उलगडा. एखादं कार्ड खरोखर चिकटलेलं असेल, रंग प्लॅस्टिकबरोबर उचलला जातोय असं दिसलं, तर तिथेच थांबा. ते पान तसंच सपाट बाजूला ठेवा. असल्या कामासाठी कागद-संवर्धक असतात. अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कन्झर्वेशन या संस्थेच्या यादीत ते शोधता येतात, आणि फिलाडेल्फियाचं कन्झर्वेशन सेंटर फॉर आर्ट अँड हिस्टॉरिक आर्टिफॅक्ट्स तर तुमच्यापासून फार लांब नाही.

रबरबँड ताणून काढू नका. सुकलेलं रबर तुटताना कार्डाच्या कडेला फटका देतं. कात्रीने एका जागी कापा आणि पडू द्या. गठ्ठ्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या कार्डाच्या कडेला खाच पडलेली असेल, ती राहणारच. रबराचा काळा तुकडा पुठ्ठ्याला धरून राहिला असेल तर नखाने खरवडू नका.

आता तुमचा तो प्रश्न, डाग आणि आकडे कसे काढायचे. काढायचे नाहीत. खोडरबर नाही, ओला कापूस नाही, इस्त्री नाही, जाड पुस्तकाखाली दाबून ठेवणं नाही. छंदी मंडळी कार्डावरचा मेणाचा थर नायलॉनच्या मोज्याने पुसतात, तसले उपाय तुमच्याही कानावर येतील. करू नका. जुन्या छपाईवरची चकाकी एकदा घासली गेली की परत येत नाही, आणि तिरक्या उजेडात ती जागा ओरडून सांगते. शिवाय कोपरा नीट दिसावा म्हणून कड कापणं, पांढऱ्या पडलेल्या कडेवर पेनाने रंग भरणं, याला या छंदात फसवणूक मानतात, मग ते कितीही निरागसपणे केलेलं असो. डाग पडलेलं पण न छेडलेलं कार्ड हे प्रामाणिक कार्ड. त्या च्युइंगगमच्या डागात लाजण्यासारखं काय आहे? ही कार्डं छापणारी टॉप्स कंपनी मुळात च्युइंगगमच विकत होती, कार्डं हे मुलांना ओढण्याचं आमिष होतं. गमची पातळ वडी कार्डाला लागून पाकिटात असायची. डाग त्याच वडीचा. आकड्यांचं मी शेवटी बोलते, त्यांच्याबद्दल मला वेगळं काही म्हणायचं आहे.

नवीन पाकिटं घेण्याआधी एक मोजपट्टी घ्या. इथे बहुतेक लोक चुकतात. बाजारातला सगळा माल आजच्या कार्डाच्या मापाचा असतो, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंच. टॉप्सने हे माप १९५७ मध्ये धरलं. त्याआधीची, १९५२ ते १९५६ मधली टॉप्सची कार्डं मोठी आहेत: रुंदी अडीच इंच आणि वर एक सूत, उंची पावणेचार इंच. ती नेहमीच्या पाकिटात कोंबली तर कोपरे जातात, आणि जुन्या कार्डाचं सगळं मोल कोपऱ्यांत असतं. खोक्यात बोमन कंपनीचीही कार्डं निघतील. १९५२ चं बोमन बरंच छोटं आहे, दोन इंचांहून जेमतेम रुंद, ते मोठ्या पाकिटात खुळखुळतं. १९५५ चं बोमन ओळखायला सोपं, त्यावर खेळाडू टीव्हीच्या लाकडी खोक्यात बसवलेला दिसतो. पुढच्याच वर्षी टॉप्सने बोमनला विकत घेतलं. साल छापलेलं नसेल तर मागची आकडेवारी बघा. तिथे जो शेवटचा हंगाम दिलाय, कार्ड बहुधा त्याच्या पुढच्या वर्षीचं असतं. ही वर्गवारी मुलाला करू द्या. बेसबॉल त्याला तुमच्यामाझ्याहून जास्त कळतो.

पाकिटांवर तीन नावं शोधा: पॉलिप्रोपिलीन, पॉलिएथिलीन, पॉलिएस्टर. यांतलं कुठलंही चालेल. नुसतं ‘प्लॅस्टिक’ लिहिलं असेल आणि वास येत असेल तर परत ठेवा. प्रत्येक जुन्या कार्डाला आधी पातळ मऊ पाकीट, ज्याला इथे पेनी स्लीव्ह म्हणतात. त्यातली जी जास्त जपायची ती पाकिटासकट टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या खोळीत. टॉपलोडर बहुधा कडक पीव्हीसीचे असतात. त्यात ते तेलकट रसायन नसतं म्हणून भीती कमी, तरी उघडं कार्ड त्यात कधी घालू नका, कडाही घासल्या जातात. चार कोपऱ्यांना स्क्रू असलेल्या ॲक्रिलिकच्या जाड पाट्या तुम्हाला सुंदर वाटतील. घेऊ नका. स्क्रू थोडा जास्त आवळला गेला की पुठ्ठा चेपतो आणि कार्ड कायमचं पातळ होतं. चुंबकाने मिटणारी डबी आता मिळते, एखाद्या खास कार्डाला ती उत्तम, पण कार्डाच्या मापाची आणि जाडीची बघून घ्या.

बाकीच्यांना अल्बम हवा असेल तर इंग्रजी डी आकाराच्या कड्यांचा घ्या. गोल कड्यांवर पानं वळतात आणि आतल्या रांगेतल्या कार्डांना दाब बसतो. १९५७ च्या कार्डांना नऊ कप्प्यांची पानं, त्याआधीच्या मोठ्या कार्डांना आठ कप्प्यांची. अल्बम उभा ठेवा, ठासून भरू नका. टॉपलोडर आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे ठेवा, रांग सैल असेल तर पुढे थोडा कोरा पुठ्ठा लावा म्हणजे कलंडणार नाहीत. आजोबांचा बुटांचा खोका फेकू नका. कार्डं त्यात ठेवू नका एवढंच, त्या पुठ्ठ्यात आम्ल असतं. तो रिकामा जपा.

आता फ्रेम. तुमच्या मुलाची इच्छा अगदी योग्य आहे. कुणी कधी पाहिलीच नाहीत तर ती कार्डं आजोबांनी त्याला दिली कशाला? पण खिडकीसमोरची भिंत मात्र नको.

आपल्याकडे सलूनच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली केसांच्या फॅशनची पोस्टरं आठवतात? सगळे चेहरे निळसर. ती निळी छापलेली नव्हती. लाल आणि पिवळा रंग आधी उडून गेला, निळा तेवढा उरला. कार्डंही रंगांच्या ठिपक्यांनीच छापलेली आहेत. उजेडाने होणारं नुकसान साठत जातं. आज दोन तास, उद्या दोन तास, आणि अंधारात परत ठेवलं म्हणून गेलेला रंग भरून येत नाही. अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक घ्याच, पण तेवढ्यावर विसंबू नका. दुकानदार सांगतो त्यावरून वाटतं की आता ऊनही चालेल. साधा दिसणारा उजेडही रंग उडवतो, फक्त सावकाश. संग्रहालयं कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स एवढाच उजेड देतात. संध्याकाळी एकच मंद दिवा लावलेल्या बैठकीसारखं ते दिसतं.

तुम्ही पैठणी कशी ठेवता? मलमलच्या कापडात, अंधारात, आणि मधूनमधून घडी बदलून, नाही तर जरीची तार घडीवर तुटते. लग्नाकार्याला नेसता, दिमाखात मिरवता, आणि परत ठेवता. रोज नेसत नाही म्हणून तिच्यावरचं प्रेम कमी होत नाही. कार्डांचं तेच करा. नऊ कार्डांची फ्रेम जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये लावा, जिथे थेट ऊन येत नाही आणि बाथरूमची वाफही नाही. पुढून दारासारखी उघडणारी खोल फ्रेम घ्या. कार्ड पाकिटात, पाकीट टॉपलोडरमध्ये, आणि टॉपलोडर आम्लरहित मॅटबोर्डात, म्हणजे फ्रेमसाठीच्या जाड पुठ्ठ्यात, कापलेल्या खाचेत. कार्डाच्या अंगाला डिंक, टेप, निळा चिकटगोळा, काहीही लागता कामा नये, आणि काच कार्डापासून दूर हवी. दर तीन महिन्यांनी नऊच्या नऊ बदला. कुठली लावायची हे मुलगा ठरवेल. एप्रिलमध्ये हंगाम सुरू होताना एक संच, ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यांच्या वेळी दुसरा. असं केलं तर वर्षभरात छत्तीस कार्डं पाहून होतील, एरवी तीच नऊ दिसत राहिली असती, आणि महिनाभराने सवयीने तीही दिसेनाशी होतात.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियमही असंच करतं. तिथे तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं आहेत आणि ती थोडी थोडी मांडून बदलत राहतात. ती दिली जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने. सिराक्यूजचा साधा नोकरदार, संधिवाताने बोटं आखडलेली. त्याने छापील कार्डांचे तीन लाखांहून जास्त नमुने जमवले, त्यांची सूची केली (सिगारेटच्या पाकिटांतून येणाऱ्या जुन्या कार्डांना आजही जे ‘टी २०६’ म्हणतात ते त्याच्याच सूचीतलं नाव), आणि म्युझियममध्ये बसून सगळं अल्बममध्ये लावलं. १९६३ च्या जानेवारीत काम संपवलं आणि दोन महिन्यांत तो गेला. त्याने कार्डं अल्बमच्या पानांना डिंकाने चिकटवली होती. त्या काळी जपणं म्हणजे तेच. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे, आणि तरीही सांगते, चिकटवू नका. एका सुट्टीच्या दिवशी मुलाला तिथे घेऊन जा.

खिडकीसमोरची त्याची भिंत रिकामी राहणार नाही, काळजी नको. त्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक तो १९८७ ते १९९० चा मोठा खोका. त्या वर्षांत कंपन्यांनी कार्डं बेसुमार छापली, आणि लोकांनी पुढे सोनं होईल म्हणून ती जपून ठेवली, त्यामुळे आज ढिगाने मिळतात. एखाद्या नामवंताचं पहिलं कार्ड निघालं तर बाजूला काढा. बाकीची सगळी मुलाला द्या. भिंतीला लावू दे, मित्रांशी अदलाबदल करू दे, हाताळून मऊ होऊ देत. १९८७ च्या टॉप्सची चौकट लाकडाच्या रेघांची आहे, भिंतभर लावली तर फार छान दिसतात. मुलाच्या हाताला खेळायला काही असलं की जुन्यांना धक्का लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे प्रती. सपाट काचेच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला जुन्या कार्डांची पुढची आणि मागची बाजू घ्या (कागद आत ओढणारा स्कॅनर नको) आणि चांगल्या कागदावर मोठ्या छापून घ्या. मागची बाजू नक्की छापा. १९५५ आणि १९५६ च्या टॉप्सच्या मागे छोटी व्यंगचित्रं आहेत, ती मोठी केली की मुलं तासन्‌तास वाचतात. हेच स्कॅन विम्यासाठीही उपयोगी पडतील. घराच्या साध्या विम्यात संग्रहाच्या वस्तूंना बहुधा मर्यादा असते, एजंटला फोन करून विचारा.

खोक्यात लॅरी डोबीचं कार्ड निघतं का बघा. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये वाढलेला, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या न्यूअर्क ईगल्स संघाकडून खेळलेला मुलगा. ५ जुलै १९४७ ला क्लीव्हलँडकडून उतरला तेव्हा अमेरिकन लीगमधला (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी एक) तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. जॅकी रॉबिन्सन त्याच्या अकरा आठवडे आधी दुसऱ्या लीगमध्ये, नॅशनल लीगमध्ये, ब्रुकलिनकडून उतरला होता, म्हणून रॉबिन्सनचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि डोबीचं कमी जणांना. शिव्या आणि अपमान दोघांनी सारखेच सोसले. माझ्या फ्रेममध्ये मी पहिलं कार्ड त्याचं लावलं असतं.

आता तुमच्या नवऱ्याचा मुद्दा. कॉलेजच्या खर्चाची चिंता खोटी नाही, म्हणून सरळ सांगते. ग्रेडिंग म्हणजे कंपनी कार्ड तपासते, १ ते १० मध्ये गुण देते आणि कडक डबीत कायमचं बंद करते. दर कार्डामागे पैसे लागतात. शेकड्यांनी पाठवली तर कित्येक कार्डांवर खर्चच जास्त होईल, कारण हाताळलेल्या, रबरबँड लागलेल्या, मागे लिहिलेल्या कार्डांना खालचे गुण मिळणार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये यँकीज संघाचा नामवंत खेळाडू मिकी मँटल याचं १९५२ चं एक टॉप्स कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ती बातमी नवऱ्याने वाचली असेल. ते कार्ड ७० वर्षं जवळजवळ न हाताळलेलं होतं. शिवाय टॉप्स वर्षाची कार्डं टप्प्याटप्प्याने, मालिका करून बाजारात आणायचं, आणि मँटलचं कार्ड त्या वर्षीच्या शेवटच्या मालिकेत होतं. ती मालिका दुकानात आली तेव्हा बेसबॉलचा हंगाम संपत आला होता, कार्डं खपली नाहीत. टॉप्सचे साय बर्गर, ज्यांनी तो संच ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आखला होता, त्यांनीच १९६० च्या सुमारास उरलेले खोके बार्जवर लादून समुद्रात टाकले. दुर्मीळ का, तर बुडवली म्हणून. तेच कार्ड घड्या पडलेलं असेल तर किंमत या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही.

तेव्हा आधी यादी करा. १९५४ मधलं हँक ॲरनचं, १९५५ मधली रॉबर्टो क्लेमेंटे आणि सँडी कूफॅक्स यांची, अशी मोठ्या खेळाडूंची पहिली कार्डं निघाली, किंवा १९५२ चा मँटल वा रॉबिन्सन, तर ती चारदोन जाणकाराला दाखवा. जो जागच्या जागी विकत घ्यायला निघेल त्याचा सल्ला घेऊ नका.

पण त्याच्याही आधी एक फोन करा. आजोबांच्या मुलीला. ‘बाबांनी माझ्या मुलाला कार्डं दिली आहेत, त्यांत काही मौल्यवान असू शकतील, तुम्हाला हे माहीत आहे ना?’ एवढंच विचारा. घर आवरताना, घाईत, मन जड असताना माणसं वस्तू देऊन टाकतात. आजोबांनी मनापासून दिली याबद्दल मला शंका नाही, तरी त्यांच्या मुलीला नंतर कुठून तरी कळण्यापेक्षा तुमच्याकडून आज कळू दे. ती हो म्हणाली की दोन ओळींचा ईमेल मागून घ्या. हे झाल्याशिवाय एकही कार्ड विकू नका. आणि विकायची वेळ आलीच तर मुलाला विचारून. दिली त्याला आहेत.

तुम्ही लिहिलंत की जुनी कार्डं १९५२ ते १९५७ मधली आहेत. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. १९५५ मध्ये गावच्या संघाने, ब्रुकलिन डॉजर्सनी, न्यूयॉर्क यँकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, ब्रुकलिनची ती एकुलती एक. १९५७ चा हंगाम संपला आणि संघ गाव सोडून लॉस एंजेलिसला गेला. आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे असतील. त्या वयात मुलं कार्डं सोडून दुसऱ्या गोष्टींकडे वळतात हे खरं, पण खोका नेमका तिथेच का थांबतो हे मला त्यांना विचारावंसं वाटलं.

म्हणून ते शाईचे आकडे पुसू नका. कुणाला त्यामुळे गुण कमी द्यायचे असतील तर देऊ देत. रेडिओवर ऐकलेल्या धावा असतील, अदलाबदलीचा हिशेब असेल, किंवा आवडत्या खेळाडूंचा क्रम असेल. हे जाणणारा माणूस एकच आहे आणि तो तुमच्यापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर आहे. मूळ कार्डं प्रवासात नेऊ नका. मागच्या बाजूंच्या त्या मोठ्या प्रती घेऊन जा, त्यांच्या डोळ्यांनाही सोपं जाईल, आणि मुलाला फोनवर आवाज टिपायला सांगा. प्रत्येक कार्डाचा आकडा वहीत लिहा, समोर ते काय म्हणाले ते लिहा. त्या आकड्यांचा अर्थ लागला की मलाही कळवा.

तुमची,
ताई